चार गिअर मागे, एक पुढे

उस्तादाने भरलेला गिअरबॉक्स तीस वर्षांत कधी दुरुस्तीला परत आला नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. गिऱ्हाईक जरा कुरकुरलं की हा फडक्याला हात पुसत म्हणणार, "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. तुमच्या पायाला क्लच दाबायला शिकवा." नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याचं जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांबद्दलचं मत. त्यात बायकोही आलीच.

बायको अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली आणि शिकवणारा हा. पहिले पंधरा दिवस दोघं भांडून गाडीतून उतरत आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी येत. मग गाडी कोण आणतं, असं शेजारचा वेल्डर विचारायचा. पण बाई जिद्दीची. शिकली, लायसन्स काढलं आणि कामाला बाहेर पडली. दोन ठिकाणी लोक "या वयात?" म्हणून तोंडावर हसले. आता तिसरीकडे, लहान मुलांच्या शाळेत, मुलांची ने-आण करायला स्वतःची गाडी असलेली ड्रायव्हर हवी होती. शनिवारी दहा वाजता गाडी चालवून दाखवायला बोलावलं होतं. "इथेही नाही म्हणाले तर किल्ली खुंटीला," असं तिने जाहीर करून टाकलं, आणि ती बोलली की करते.

गाडी म्हणजे पाठीत इंजिन असलेलं जुनं धूड. चालताना घों घों करायची. तेव्हा उस्तादाने आठवडाभर आधी तिचा गिअरबॉक्स खाली उतरवला. त्याची कामाची रीत ठरलेली. जमिनीवर जुनी चादर अंथरायची, आपण एका बाजूला बसायचं, उजवीकडचे भाग उजव्या हाताला, डावीकडचे डाव्या हाताला. खुणा करायच्या नाहीत. "खुणा विसरभोळ्यांनी कराव्या," असं त्याचं म्हणणं. शेवटी गाडी जॅकवर उचलून इंजिन सुरू करायचं, एकेक गिअर टाकायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. शुक्रवारी दुपारी आवाज इतका गोड आला की त्याने बायकोलाही डोळे मिटायला लावले. चाकं गरगर फिरत होती. ती कुठल्या दिशेला फिरताहेत ते बघायला उघडे डोळे कुणाचे होते?

शनिवारी नऊला बाईंनी पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे जाऊन ऑइलच्या रिकाम्या डब्यांत घुसली. दुसरा टाकला, आणखी मागे. "सरक," म्हणून उस्ताद स्वतः बसला. त्याने तिसरा टाकला आणि वेल्डरचं दार थोडक्यात वाचलं. मग त्याने कपाळावरचा घाम पुसून रिव्हर्स टाकला. गाडी गुणी मुलीसारखी पुढे निघाली.

वेल्डरने तोंडावरची ढाल वर केली. "चार मागे, एक पुढे," तो म्हणाला. "लढाईतून पळून यायला बरी आहे."

उस्तादाला क्षणात कळलं. गिअरबॉक्सातून फिरणं पुढे चाकांना देणारं एक मोठं दातेरी चक्र असतं, क्राउन म्हणतात त्याला. या जुन्या गाडीत तो कुठल्याही बाजूने बसतो, आणि चुकीच्या बाजूने बसला की सगळंच उलटं. तोंडचं पाणी पळालं बिचाऱ्याच्या. पण बोलला काय, तर "जुनी गाडी आहे, कधी कधी करते असं."

"कधी कधी म्हणजे नेमकं कधी?" बायकोने विचारलं.

गिअरबॉक्स पुन्हा उघडायचा तर अख्खा दिवस जाणार. तिने घड्याळ बघितलं, पदर खोचला आणि परत स्टिअरिंगवर बसली. "रिव्हर्समध्ये पुढे जाते ना? मग बसा मागे."

निघाली वरात. इंजिन जीव खाऊन ओरडतंय आणि वेग सायकलचा. गंमत म्हणजे रिव्हर्समुळे मागचा पांढरा दिवा सारखा पेटलेला. मागच्यांना वाटे, ही गाडी आता आपल्या अंगावर येणार. सिग्नलला मोटारसायकलवाला पाय टेकत टेकत दहा फूट मागे सरकला. एक बस तर भर रस्त्यात थांबून राहिली. व्यायामाला धावत निघालेले एक आजोबा त्यांना ओलांडून गेले आणि जाता जाता हात करून गेले. तिथे बाईंना हसू फुटलं. मग उस्तादही इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका पुढच्या सीटवर बसल्या. बारीक, ताठ, कमी बोलणाऱ्या. बाईंनी गाडी पटांगणाभोवती फिरवली, दोन झाडांच्या मध्ये लावली, पहिला टाकून अलगद मागे काढली. गाडी दोरीत चालली.

"छान," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण मुलांना उशीर होईल अशाने. जरा वेग घ्या. दुसरा टाका."

बाईंचा हात गिअरवर थांबला. त्यांनी आरशातून एकदा नवऱ्याकडे बघितलं. आणि काय म्हणाव्यात?

"दुसरा गिअर मला अजून नीट जमत नाही."

उस्ताद मागे बसल्या जागी हादरला. तीन वर्षांची मेहनत ही बाई त्याच्या नावासाठी एका वाक्यात ओवाळून टाकत होती.

"खोटं आहे," तो म्हणाला. "तिला सगळं जमतं. चूक माझी आहे. क्राउन मी उलटा बसवला. ती घरापासून रिव्हर्समध्ये आली आहे."

मुख्याध्यापिकांनी मान वळवली. "किती लांबून?"

"साडेचार किलोमीटर."

त्यांनी गिअरच्या दांड्याकडे बघितलं. "आणि तुम्ही कधीपासून हे काम करता?"

"तीस वर्षं. पहिल्यांदाच चुकलो."

"आत्ताच कसे चुकलात?"

उस्तादाने टोपी काढून हातात घेतली. "क्राउन बसवताना ही चहा घेऊन आली आणि माझ्या जागेवर बसली. इथे मुलांना कसं उतरवीन, कुणाला पुढे बसवीन, ते सांगत होती. मी चादरीच्या पलीकडे बसलो. उजवं डावं झालं."

"मग त्यांना उठवायचं होतं."

"इतकी खूश होती," तो म्हणाला. "कशी उठवणार?"

बाई समोरच्या काचेतून बघत राहिल्या. काच स्वच्छ होती, तरी त्यांनी ती हाताने पुसली.

"सोमवारी साडेसातला या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "गाडी सुलटी करून." मग त्यांनी रिकाम्या पटांगणावरून नजर फिरवली आणि घसा खाकरला. "तिसऱ्यात मागे किती जोरात जाते हो ही?"

बाईंनी विचार करत बसण्यात वेळ घालवला नाही. एक हात सीटवर टाकला, मान पूर्ण मागे वळवली, आणि पहिला, दुसरा, तिसरा. धूळ उडाली, मुख्याध्यापिकांनी दोन्ही हातांनी दार धरलं आणि शाळेत कुणी कधी ऐकलं नव्हतं असं त्या खिदळल्या.

"अहो, डोकं बाजूला घ्या, मला मागचं दिसत नाही," बाई म्हणाल्या.

उस्ताद बाजूला सरकला, पण बघत राहिला तिच्याकडेच.