पायलट काकू आणि चढलेली माणसं

पायलट काकूनं जन्मात दारू तोंडाला लावली नाही, पण प्यायलेल्या माणसाचं बोलणं तिच्याइतकं कुणाला कळलं नाही. काकू म्हणजे माझी बायको. इथं अमेरिकेत, चँडलरमध्ये, मराठी मंडळींची पार्टी असली की पुरुष पिणार आणि बायका गाडी चालवणार, ही रीतच. आमच्या जुन्या व्हॅनमध्ये सात माणसं बसत, म्हणून घरोघर सोडायचं काम हिच्याकडं. नाव तिथूनच पडलं.

मागं बसलेला कुणीतरी म्हणायचाच, "काकू, आज चढली यार." ती आरशात बघायची आणि गाडी चालवत राहायची. सगळे उतरले की मला सांगायची, "खरंच चढलेला कधी कबूल करतो का? जो चढली म्हणतो, त्याला दुसरंच काहीतरी सांगायचं असतं." एकदा आमच्यातले डॉक्टर म्हणाले, "काकू, आज जरा जास्तच झाली." ही म्हणाली, "लेक दिवाळीला येत नाही म्हणाली का?" डॉक्टर रडले. एवढा मोठा माणूस, आमच्या व्हॅनच्या मागच्या सीटवर.

मी सातवी पास. लेथवर हात काळे केले, मेव्हण्यानं कागद केले म्हणून इथं आलो. बाकी सगळे इंजिनीअर, डॉक्टर. दोन पेग पोटात गेले की त्यांच्यात मोठ्यानं बोलायला जमायचं. एका पार्टीत ही मधे काहीतरी बोलली, तर मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू गप बस. शाळेच्या कँटीनमध्ये पोरांची ताटं उचलणारी तू, तुला काय कळतंय?" कुणी हसलं नाही. परतताना गाडीत म्हणालो, "चढली होती गं."

"दारात चपला-बुटांचा ढीग होता. त्यातनं आपले बूट बरोबर काढलेत, नाड्यासुद्धा बांधल्यात," ती म्हणाली. "चढली नव्हती. तुम्हाला लाज वाटत होती. आणि ती माझी नव्हती, स्वतःची होती."

खरं होतं. माफी मागायला पाहिजे होती. मी झोपेचं सोंग घेतलं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. रिपोर्ट सांगायला दवाखान्यानं बोलावलं, सोबत कुणाला तरी घेऊन या म्हणाले. सकाळी दहाची वेळ. नऊ वाजता मी पेला भरून टेबलावर ठेवला, नुसते ओठ ओले केले आणि म्हणालो, "मला चढलीय. मी काय येत नाही."

तिनं पेल्याकडं बघितलं. तो जसाच्या तसा भरलेला. मला वाटलं, आता बोलेल. तिनं चावी उचलली. "बरं. मी येते जाऊन."

दुपारी आली, तांदूळ धुवायला घेतले आणि पाठमोरीच म्हणाली, "उतरली का?" मी हो म्हणालो. मग तिनं रिपोर्ट सांगितला.

पुढच्या खेपेला मी बरोबर गेलो. नर्स हसून म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला पार्किंग मिळालंच नाही का? या सांगत होत्या, नवरा गाडी लावतोय, येईलच एवढ्यात."

त्या दवाखान्यापुढं एवढं मोठं पार्किंग आहे की कधी अर्धंसुद्धा भरत नाही. ही मान खाली घालून पर्सची चेन लावत होती. मी नर्सला म्हणालो, "हो, नाही मिळालं."

त्यानंतर ती सात महिने होती. रोज शेजारी बसलो. मी घाबरलो होतो, हे तिला ठाऊकच होतं. पण ते माझ्या तोंडून तिला ऐकायला मिळालं नाही.