वाकडं वांगं

मेहकरला बियाण्यांचं दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायला मी वांग्याच्या आकाराची लोहचुंबकं करायला दिली. बसस्टँडमागच्या छापखानेवाल्याने मी काढून नेलेलं वांग्याचं चित्र बाजूला सारलं.

“मले खरं वांगं आणून द्या.”

दुसऱ्या दिवशी आणलं. डोळे मिटून तो त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, जांभळ्या शाईत दुकानाचं नाव छापलं आणि जिभेचं टोक दातांत धरून कात्रीने एकेक कापलं. मागे बिघडलेल्या रेडिओंतल्या चुंबकांचे तुकडे चिकटवले.

“वाकडं झालंय,” मी म्हणालो.

“लोकाईच्या वावरात सरळच पिकते काय?” मान वर न करता तो म्हणाला.

पुढे अमडापूरहून एक म्हातारी दुकान शोधत आली. तिला वाचता येत नव्हतं. घरच्या लोखंडी कोठीवरचं चुंबक तिने सोबत आणलं होतं. त्यावरचं नाव केव्हाच पुसलं होतं. स्टँडवरच्या चहावाल्याने ते नुसतं पाहिलं आणि तिला थेट माझ्या दारात आणून सोडलं.

यंदा मिरचीची चुंबकं करायची होती. छापखान्यात जाण्याआधी मी भाजीबाजारात तासभर वाकडी मिरची शोधत होतो.