आधी बंद कसं होतं ते सांगा

हाताने चालू करता येणाऱ्या एकूण एक वस्तूंवर माझ्या दाजींइतका अविश्वास उभ्या जालना जिल्ह्यात दुसऱ्या कोणी दाखवला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, लग्नातला जनरेटर असो, ते जवळ जात, हात पाठीमागे बांधत आणि विचारत, "हे बंद कसं होतं?" चालू कसं होतं यात त्यांना रस नव्हता. "ते कोणीबी सांगतं," असं त्यांचं म्हणणं. भोकरदनला जाणाऱ्या एसटीत ते चालकाच्या मागच्या बाकावर बसत आणि गाडी सुटण्याआधी ब्रेक एकदा दाबून दाखवायची विनंती करत. एका चालकाने चिडून विचारलं, "काका, उतरता का?" दाजी खरंच उतरले. मागून आलेल्या गाडीने गेले, आणि त्या दुसऱ्या चालकाने ब्रेक किती आनंदाने दाखवला, हे पुढे आठवडाभर सांगत राहिले.

त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये वैरण सारताना ती गेली. या विषयावर मी त्यांच्याकडून उभ्या आयुष्यात दोनच वाक्यं ऐकली. "त्या दिवशी मला मशीन चालू करता येत होतं. तेवढंच येत होतं."

गेल्या उन्हाळ्यात मी जाफराबादच्या कडेला, दाजींच्या मागच्याच गल्लीत, घर घेतलं. सारी नोकरी ग्रंथालयात काढलेला मी; स्वतःचं अंगण मला पन्नाशीनंतर मिळालं. त्या अंगणात एक वाळलेली बाभूळ होती आणि ती नेमकी आमच्या निजायच्या खोलीवर झुकली होती. वारा सुटला की माझी बायको उशी घेऊन बैठकीत जाई. कडुलिंबाच्या फांद्याही दरवर्षी उतरवाव्या लागणार होत्या, म्हणून नव्या घरमालकाच्या उत्साहात मी जाहीर केलं, की आपण झाड कापायचं मशीन, म्हणजे चेनसॉ, घेऊ. दाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "घ्या पाव्हणे, घ्या. पण मी पास केलेलं."

मग आमच्या जालन्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दुकानातला विक्रेता म्हणाला, "एक झटका मारला की चालू, काका." दाजी म्हणाले, "ते ठीक हाय. बंद?" मुठीच्या पुढे एक आडवी दांडी असते, मशीन उसळलं तर ती पुढे ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. त्या दुकानातली दांडी दाजींनी ढकलली, तर ती नुसतीच डुगडुगली. "ती शोभेला हाय," विक्रेता म्हणाला. दाजींनी त्याला शांतपणे नमस्कार केला आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. दुसऱ्या दुकानात त्यांनी मशीन दोन्ही हातांत धरलं आणि पाव तास तसेच उभे राहिले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती. मालक घाबरून म्हणाला, "बाबा, ठेवा ना खाली!" दाजी घामाघूम होते. म्हणाले, "दमलेल्या हाताला किती जड लागतं ते बघून राह्यलो. ताज्या हाताला काय, सगळंच हलकं."

तिसऱ्या दुकानातलं मशीन त्यांना पटलं. लहान पात्याचं, वजनाला हलकं, दांडी ढकलली की खट्‌कन थांबणारं. दुरुस्तीचा मिस्त्री दुकानातच बसत होता आणि सुटे भाग समोर टांगलेले होते. तरी दाजींनी मालकाकडून एका जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता घेतला, आणि मला जीपमध्ये कोंबून थेट घनसावंगीला नेलं. तो शेतकरी बिचारा आमच्यासाठी खुर्च्या आणायला निघाला होता. दाजींनी त्याला थांबवलं, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोटं मोजली. "दहा हायेत," ते मला म्हणाले. "आता मशीनचं बोलू."

मशीन घरी आलं ते गणपती विसर्जनाच्या दिवशी, आणि लगेच पितृपक्ष लागला. इतक्या चिकित्सक माणसाची इथे मात्र गाडी अडली. पितृपक्षात नवं हत्यार चालवायचं न्हाई, खंडेनवमीला पूजा करू, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाभूळ पाडू, असं त्यांनी ठरवून टाकलं. "तोवर सराव करा," म्हणाले. मग रोज सकाळी मी अंगणात बूट, हातमोजे, चष्मा घालून बंद मशीन हातात धरायचो, दाजी अचानक "उसळलं!" म्हणून ओरडायचे आणि मी दांडी ढकलायचो. बंद असलेलं मशीन मी शेकडो वेळा बंद केलं. ताई भिंतीपलीकडून म्हणायची, "अहो, दमला असंल तो! जेवू द्या की त्याला." "दमू दे," दाजी म्हणायचे. "दमल्यावरच तर कळतं."

पितृपक्ष संपायला चार दिवस होते. सकाळी चहा पिता पिता दाजी कलले आणि गेले. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आठवडाभर पावसाची झड होती. चितेसाठी गल्लीने आणलेली सगळी लाकडं भिजलेली निघाली. दाजींचे चुलतभाऊ, अण्णा, माझ्या अंगणातल्या बाभळीकडे बघत राहिले. उभं वाळलेलं झाड आतून कोरडं असतं. अण्णांनी झाडाला दोर लावला, ट्रॅक्टरने तो घरापासून उलट दिशेला ताणून धरला, आणि मी आत जाऊन मशीन आणलं.

मी बूट घातले, नाड्या बांधल्या. साखळी ओढून सोडून पाहिली, तेल पाहिलं. माणसांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभं केलं. दांडी ढकलली, मागे घेतली, परत ढकलली.

"सर, माती खोळंबली ना," अण्णा म्हणाले. "मारा झटका, करा जल्दी."

मागून कोणीतरी म्हणालं, "पुस्तकातलं वाचून करून राह्यले का काय!"

सकाळपासून माझ्या हातांनी काही जड काम केलं नव्हतं, तरी ते दमलेले होते, आणि दमलेल्या हातांबद्दल मला सांगणारा माणूस पलीकडच्या ओट्यावर निजला होता. मी मशीन खाली ठेवलं. ताई त्याच ओट्यावर बसली होती. तिने मान वर केली. आवाज पार बसला होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"थांबा जरा. करू द्या त्याला बराबर. त्यांना कुठं घाई हाय आता?"

हात ताजे होईपर्यंत मी थांबलो. मग मशीन चालू केलं. बाभूळ घराला न शिवता अंगणात आडवी झाली, आणि दुपारपर्यंत तिचे ओंडके झाले. दाजी त्या लाकडावर गेले. ते नीट पेटलं.

खंडेनवमीला घरात सण नव्हता. मशीन मी फक्त पुसून कोनाड्यात ठेवलं होतं. ताई आली, त्याच्याजवळ गेली. मग म्हणाली, "भाऊ, हे बंद कसं होतं?"

मी दाखवलं. तिने अंगठ्याने दांडी पुढे ढकलली, खट् झालं. मागे घेतली, पुन्हा ढकलली.

"बराबर हाय," ती म्हणाली, आणि हात पाठीमागे बांधून तशीच उभी राहिली.