चंदाबाईचा कंद

मंगरूळपीरला आमच्या घरामागेच पंचफुलाचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या आणि कडेला थोडी हळद. सगळं बाजारात जातं. विहिरीजवळचा एक वाफा तेवढा विकायचा नाही, तो मागून आणलेल्या झाडांचा. बाई कुणाच्याही अंगणात गेली की चहा येण्याआधी तिची नजर कुंड्यांवर फिरून येते. फांदी, मुळी, कंद, जे हाती लागेल ते पदरात. आणि घेताना नाव विचारायचं नाही, हा तिच्या सासूपासूनचा नेम. आधी नाव विचारलं तर झाड रुसतं म्हणे. फुललं की मग विचारायचं. तोवर ते देणारीच्या नावानं ओळखायचं. त्यामुळे तिच्या वाफ्यात झाडं कमी आणि बायाच जास्त उभ्या आहेत, असं मी तिला नेहमी चिडवते. तिच्यावर काही परिणाम होत नाही.

चंदाबाई तिच्या बाजारातली जोडीदारीण. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. पावसाळ्यात कटुल्यांची रानभाजी, मग सीताफळं घेऊन यायची आणि पंचफुलाशेजारी पोतं अंथरून बसायची. एकीचं गिऱ्हाईक दुसरीनं सांभाळायचं, चहा आळीपाळीनं पाजायचा. दसरा-दिवाळी झाली की चंदाबाईचं घर ऊसतोडीला निघायचं, ते थेट चैत्रात परत.

एका वर्षी निघायच्या आधी तिनं फडक्यात बांधलेला कंद पंचफुलाच्या हातात ठेवला. तांड्यावर बकऱ्या काही ठेवत नाहीत आणि आपण अर्धं वर्ष घरी नसतो, म्हणून तुझ्याकडे असू दे, असं म्हणाली. त्याची काही माहिती सांगायला तिनं तोंड उघडलं, तर आमच्या बाईसाहेबांनी हातानंच तिला गप्प केलं. फुललं की विचारीन, म्हणाली. त्यावर चंदाबाई हसली आणि फुललं की मला पाहायला बोलाव, एवढंच बोलली.

पंचफुलानं कंद पाल्याखाली झाकून ठेवला आणि पहिल्या पावसात लावला, तशी त्याला पानं आली. रुंद, हिरवी, खालून जांभळट. पंचफुलाची सून राखी हिनं फोनवर फोटो काढून पाहिला. फोनने एकदा हळद सांगितली, एकदा केळ. पंचफुलाला फोनची गरज नव्हती. जन्म हळदीत गेलेली बाई ती, तिनं पान चोळून वास घेतला आणि हळदीचीच कुठली तरी जात ठरवून टाकली. मग हळदीचं करतात तेच त्याचंही केलं. पानं वाळली, फाल्गुनात कंद उकरले, माती झाडली, बेण्यासारखे सावलीत पाल्याखाली झाकून ठेवले आणि ज्येष्ठात पुन्हा लावले. एकाचे चार झाले. पोटच्या लेकरासारखं जपलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चैत्रात चंदाबाई परतली आणि बाजारात टेकायच्या आधीच तिनं विचारलं, फुललं का? पंचफुला हसायला लागली. उन्हानं जमीन भाजतेय, झाडाला एक पान नाही, आणि हिला फूल हवंय. पाऊस येऊ दे, मग सांगते, म्हणाली. पावसाळ्यात फूल काही आलं नाही, म्हणून पंचफुलानंही विषय काढला नाही. पुढच्या चैत्रात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच हसू. तिसऱ्या चैत्रात चंदाबाईनं विचारलं नाही. पंचफुलाला बरंच वाटलं. ती विसरली असावी, असं मलाही म्हणाली.

यंदा माघात विहिरीच्या पायरीवरून पंचफुला घसरली आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. मजुरांनी हळद काढली, पण विहिरीजवळच्या वाफ्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. कंद जमिनीतच राहिले. चैत्र लागला आणि बाजारात तांड्यावरची एक बाई भेटली. चंदाबाई उसाच्या फडावर तापानं गेली, तिकडेच अग्नी दिला, असं तिच्याकडून कळलं. पंचफुला दोन दिवस मळ्यात आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला कुंपणावरून हाक मारली. वाफ्यातल्या कोरड्या मातीतून फुलं वर आली होती. पान नाही, देठ नाही, नुसती फुलं; पांढरी, मधे जांभळी, आणि वास इतका गोड की आम्ही दोघी तिथंच खाली बसलो. राखीनं फोटो काढला. या वेळी फोन अडखळला नाही. भुईचाफा. पान येण्याच्या आधी, भर उन्हाळ्यात फुलतो. पंचफुलानं ते दोनदा वाचायला लावलं. तिचा चेहरा पडला. चंदाबाई दरवेळी अगदी बरोबर वेळेला विचारत होती, आणि ते कंद तेव्हा पाल्याखाली झाकलेले होते.

एका हातानं तिनं मातीसकट एक गड्डा घमेल्यात उचलला, राखीला सोबत घेतलं आणि मानोऱ्याची बस धरली. तांड्यावर चंदाबाईचा नवरा फुलसिंग दारात बसला होता. घमेल्यातली एक कळी वाटेतच उमलली होती. तो कितीतरी वेळ त्या फुलाकडे पाहत राहिला.

"तिच्या मायच्या घरचं हाय हे," तो म्हणाला. "माय मेली तवा तिनं एवढंच आणलं होतं. मी तर पह्यल्यांदा पाहून राह्यलो. या दिवसांत आमी दरसाल फडातच."

आपण ते जपलं होतं, कधी टाकलं नव्हतं, हे पंचफुलानं त्याला घाईघाईनं सांगितलं. दरसाल उकरून सावलीत ठेवत होतो, हेही सांगितलं. फुलसिंगनं मान हलवली.

"तिले वाटलं, तुमच्या हातून मेलं. लय रडली. पण मले म्हणे, पंचफुलाले काही बोलू नका. तिले वाईट वाटन."

पंचफुला घमेलं तिथंच ठेवून परत आली. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. या सगळ्यात तिचा काय दोष, असं मी म्हणाले, आणि ते मला मनापासून वाटतं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

"दर बाजारी मांडीले मांडी लावून बसत होतो आमी," ती म्हणाली. "माय दुसऱ्यांदा मेल्यावानी झालं असन तिले. अन् ते पोटात ठेवून मलेच चहा पाजत राह्यली."