पडीतला खांब

कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही कोहका गावाच्या बाजूला एका ठेकेदाराच्या मजूर-कॅम्पात राहायचो. बाबा भंडाऱ्याकडची शेती थोरल्या भावावर सोडून आलेले. ते ठेकेदारासाठी दिव्यांचे खांब रोवायचे. धाकटा काका आणि त्याची नवी नवरी, माझी काकू, आमच्याच झोपडीत होते.

कॅम्पात संडास नव्हते. बाप्ये कुठेही बसत. बायका मात्र दिवसभर कळ दाबून राहायच्या आणि अंधार पडला की टमरेल घेऊन घोळक्याने मागच्या पडीत, ओसाड रानात जायच्या. आडोसा म्हणाल तर तेवढा अंधारच.

मग वरून हुकूम आला, मोकळ्या जागी नियमाप्रमाणे उजेड हवा. बाबांनी खांब रोवला तो नेमका पडीच्या मधोमध. कारखान्याच्या साहेबांनी यंत्राने उजेड मोजला, मान डोलावली आणि निघून गेले. दिव्याखाली बाप्यांचा बिड्या ओढत पत्त्यांचा डाव रंगू लागला.

आई बाबांना म्हणाली, "दिवा लावला, पन आता आमी जाचं कुठं?"

"साहेबाले काय सांगू? बायका कुठं बसते ते?" बाबा खेकसले.

लाज त्यांना वाटत होती आणि पोट आम्ही बायका-पोरी आवळत होतो.

बायका आणखी पुढे जाऊ लागल्या. तिकडे पाइप टाकायला खोल नाली खणून ठेवली होती. एका संध्याकाळी काकू माझ्यापुढे चालत होती. "हात दे वं, काई दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. मी हात पुढे केला, तर समोर कोणीच नव्हतं. नालीच्या तळाशी दगड होते. वर काढली तेव्हा ती गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बाई एवढ्या अंधारात इकडे आलीच कशाला, असं त्यांनी हिंदीत विचारलं. बाबा गप्प. काका, ज्याची बायको मेली होती, तोही गप्प. सगळा कॅम्प जमला होता आणि सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. मला त्या माणसांचा अजून संताप येतो.

साहेबांनी आपल्या परीने अर्थ लावला. उजेड कमी पडला म्हणाले, आणि नालीच्या काठावर आणखी एक खांब उभा करायला सांगितला. तोही बाबांनीच रोवला. यंत्र पुन्हा आलं, उजेड पुन्हा नियमात बसला.

त्या संध्याकाळी आईने माझा हात घट्ट धरला. टमरेल घेऊन आम्ही फळीवरून नाली ओलांडली आणि पलीकडच्या अंधारात गेलो.