पलंगाखालची सागवानी जमीन

बैलांच्या बंड्या आणि कोळपणीचे डवरे दुरुस्त करण्यात उकंडा मुनेश्वरचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आर्णीत बसस्टँडच्या मागे त्याचं टिनाचं शेड होतं. दोन हजार सहाच्या आसपास कापसानं सगळ्यांनाच झोपवलं, तशी खेड्यातली कामं येईनाशी झाली. बैलजोड्या विकल्या गेल्या, मग बंडी कोण दुरुस्त करतो? म्हणून सरकी काढायच्या बंद जिनिंग कारखान्याशेजारच्या जुन्या बंगल्यातून बोलावणं आलं, तेव्हा तो बायकोला, कांताबाईला, घेऊन लगेच गेला. रंधा तो मारायचा आणि पॉलिशपेपरनं घासायचं काम तिचं.

बंगला रामलाल राठोडांचा. ते जिनिंगचे मॅनेजर होते. जिनिंगला कुलूप लागलं त्याच साली त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. माडीवरच्या खोलीत ते पडून असत. तिथली जमीन सागवानी फळ्यांची, आणि पलंगाचा एक पाय फळीत रुतला होता.

उकंडानं फळी उचकटली. खालच्या तुळईचा वाळवीनं भुसा करून टाकला होता.

"बाई, साहेबाले खाली न्या लागते. मले इथं काम करता येत नाही," तो रामलालजींच्या बायकोला, कोकिळाबाईंना, म्हणाला.

"खाली नेलं की ते जेवत नाहीत. तोंडच उघडत नाहीत," त्या म्हणाल्या. "इथून जिनिंगचं आवार दिसतं त्यांना. तेवढंच राहिलंय."

मग त्यानं खोलीचे दोन भाग केले. पलंग एका भिंतीला सरकवून दुसरी बाजू उघडली. नवी तुळई टाकली. लाकूड कोकिळाबाईंनीच मिळवलं होतं. जिनिंगचं सामान मोडीत निघत होतं, तिथले कापूसगोदामाचे दरवाजे. जुनं, पक्कं सागवान. एका फळीवर पांढऱ्या रंगात गोदामाचा नंबर होता. उकंडानं तिच्यावर रंधा टेकवला आणि पलंगावरून आवाज आला. रामलालजींचा चांगला हात वर उठला होता.

"साहेब, हे असंच ठेवू काय?"

तोच आवाज.

"का काढून टाकू?"

पुन्हा तोच. कोकिळाबाई धावत आल्या, त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसल्या, एकेक गोष्ट विचारत राहिल्या. पाणी पाहिजे का, उशी सरकवू का, फळी नको का. रामलालजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा बाईंनी विचारणं थांबवलं. उकंडानं ती फळी नंबराची बाजू खाली करून ठोकली. बरोबर केलं की चूक, हे त्याला कोण सांगणार होतं?

फळ्या बसल्या, घासून झाल्या. पॉलिशच्या दिवशी सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, तरी स्पिरिटच्या वासानं रामलालजींना दम लागला. ओठ काळेनिळे पडले. उकंडानं पॉलिशचा बोळा फेकला. शेजारच्या माणसांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि अरुंद जिन्यातून, भिंतींना घासत, कसंबसं खाली उतरवलं. डॉक्टरांनी बजावलं, आता वर न्यायचं नाव काढू नका, छातीला सोसणार नाही.

उकंडा सामान आवरायला लागला. बाकीचं पॉलिश राहू द्या म्हणाला. कोकिळाबाईंनी ऐकलं नाही. "सुरू केलंय ते पुरं करा, भाऊ."

त्यानं पुरं केलं. कांताबाईनं शेवटचा हात फिरवला तेव्हा फळ्यांत खिडकीचा उजेड दिसत होता. कोकिळाबाई दारातून बघून गेल्या, आत आल्या नाहीत. खालच्या खोलीत त्या नवऱ्याला पेज भरवायच्या, ती गालावरून ओघळायची.

उन्हाळ्यात रामलालजी गेले. उकंडा मौतीला गेला, माणसांच्या मागे उभा राहिला. बाईंशी दोन शब्द बोलावे असं त्याला फार वाटत होतं, पण त्या समोर आल्या आणि त्यानं नुसते हात जोडले.

पुढं शेड मोडून तो दारव्ह्यात फर्निचरच्या दुकानावर प्लायवूड कापायला लागला. माडीवरच्या जमिनीचं काम कोणी विचारलं, तर "जमत नाही आता" म्हणायचा. कांताबाईला माहीत होतं, त्याला जमत होतं.