आईच्या लग्नाचा हेवा

घटस्फोट झाल्यावर मी नागपूरहून सिंदी मेघेला आईकडे परत आले, तेव्हा मनाशी एक हिशेब होता. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई एकटी, मीही एकटी. आता दोघी एकमेकींना धरून राहू, असं मी गृहीतच धरलं होतं.

पण आई सकाळी घरात नसायचीच. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून ती मैदानावर फिरायला जायची आणि तासभर उशिरा, गालांवर लाली घेऊन यायची. "कुठे होतीस?" विचारलं की, "गोष्टी करून राह्यलो होतो," एवढंच सांगायची. कुणाशी, ते नाही.

एके सकाळी दूध आणायला मी मैदानावरून गेले. आई माझ्या स्कुटीवर बसली होती. हँडल गच्च धरलेलं, पदर खोचलेला. मागून एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ पळत होते. ते एसटीचे निवृत्त कंडक्टर. मूळचे तळेगावचे, आमच्याच गल्लीत मुलीकडे राहायला आलेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई किंचाळत होती, हसत होती. एवढं मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मी दूध न घेताच घरी परतले.

ती आल्यावर म्हणाले, "मी किती वेळा म्हटलं, शिकवते. तेव्हा काऊन नाही?"

आईनं चपला काढल्या, पाणी प्याली. मग शांतपणे म्हणाली, "तू शिकवतानी चिडते, माय. ते हासतेत."

पुढे ती रोज संध्याकाळी त्यांच्याबद्दल सांगू लागली. त्यांना भरीत कसं आवडतं, ते काय म्हणाले, कशावरून रुसले. नवऱ्याबरोबरच्या सगळ्या वर्षांत मला असं कुणाला सांगावंसं वाटेल, असं काही घडलंच नव्हतं. मी मान हलवत ऐकायची आणि आत जळायची. कधी वाटायचं, या माणसानं माझी आई नेली. कधी वाटायचं, आईनंच माझ्या वाट्याचं काही उचललं.

लग्नाचं तिनं मला भाकरी थापता थापता सांगितलं. "तुले पटत नसन तं सांग," म्हणाली. पण तिचा हात थांबला नव्हता. नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, "कर."

विहारात लग्न झालं. माझ्या लग्नात मांडव भरून माणसं होती. आईच्या लग्नाला एका सतरंजीवर मावतील एवढीच. पांढऱ्या साडीत ती वंदना म्हणताना एकदा अडखळली, तर त्यांनी हळूच पुढचा शब्द सांगितला. बस, एवढंच. मला तिथून उठून जावंसं वाटलं. लोकांना माझे डोळे आईसाठी भरून आले असं वाटलं असेल. वाटू दिलं.

ती दोघं तळेगावला राहायला गेली. घर माझ्या एकटीचं झालं. पहिले काही दिवस मी तिचे फोन कामाचं निमित्त सांगून लवकर ठेवायची, कारण मागे नेहमी त्यांचा आवाज असायचा.

मग एका रविवारी तिचा फोन आला. "जेवली का?" पलीकडे ते मोठमोठ्यानं हसत होते. फोन ठेवायच्या आधीच मी विचारून बसले, "काऊन हासून राह्यले ते?"

"अवं, भाजीत मीठ दोनदा पडलं. मी टाकलं, त्याईनंबी टाकलं. आता दोघंबी एकमेकाले म्हणतो, तूच खाय."

मला हसू आलं. आई म्हणाली, "काका म्हणतेत, पोरीले म्हना, येजो. चांगली भाजी करतो."

"येते," मी म्हटलं, आणि खरंच पुढच्या रविवारची बस धरली. वाटेत मनात तेच जुनं जळणं होतं. त्यांच्यासाठी मात्र मी वांगी घेतली होती, भरताची, मोठी बघून.